पाठीवरची नावं

२०२५ साली आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला आली. आमच्या जळगाव जामोद तालुक्यात आखजीच्या संध्याकाळी भेंडवळच्या शेतात घटमांडणी होते. गोल घटात धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची मातीची चार ढेकळं ठेवतात आणि रात्रभर तो घट तसाच उघड्यावर राहतो. पहाटे त्यातल्या खुणांवरून पावसापाण्याचं भाकीत सांगतात. त्या वर्षी ती पहाट होती १ मेची, म्हणजे शाळांच्या निकालाची. निम्मा तालुका भाकिताची वाट पाहत होता आणि आमची ताई प्रगतिपत्रकांवर सह्या करत बसली होती.

ताई सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा पहिली ते चौथीची, शिक्षक दोन. मी सणाला पुण्याहून तिच्याकडे आलो होतो. तिच्या धाकट्या दिराचं बसस्टँडच्या रस्त्याला छपाईचं दुकान आहे. निवडणुकीत बॅनर, श्रावणात कावडीवाल्यांचे टी-शर्ट, मग गणपती मंडळांचे, आणि गेली चार-पाच वर्षं मार्च-एप्रिलमध्ये शाळांचे. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही. त्या रात्री जेवणं झाल्यावर ते वर आले तेव्हा हातात एक पिशवी होती. शहरातल्या एका खासगी शाळेच्या चौथीच्या निरोपाचे टी-शर्ट, छापून उरलेले. पांढरा कपडा, पुढे शाळेचं बोधचिन्ह, पाठीवर वर्ष आणि त्याखाली वर्गातल्या मुलांची नावं दोन रांगांत.

त्याच टी-शर्टचा व्हिडिओ ताईच्या वस्तीवरच्या फोनांवर पोचला होता. तीन बापांनी तिला विचारलं होतं, मॅडम, आपल्या पोरांना पण करता का? निकालानंतर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती आणि तिच्यासाठी ताईने वहीत ठराव लिहून ठेवला होता. भाऊंनी वही उचलून मोठ्याने वाचला : "चौथीच्या निरोपानिमित्त टी-शर्ट, गाऊन अथवा अन्य कोणताही विशेष पोशाख घेतला जाणार नाही. त्यासाठी पालकांकडून पैसे जमवले जाणार नाहीत. निरोपाच्या दिवशी विद्यार्थी शालेय गणवेशातच येतील."

"काऊन वहिनी," भाऊ म्हणाले, "पोट्ट्याईनं एक टी-शर्ट मागितला तं तुमी कायदाच करून टाकला?"

"तुमचा धंदा बुडवायला नाही केला, भाऊजी."

"धंद्याचं सोडा. वीस टी-शर्टानं माह्यं काय होते? मी लेकराचं सांगून राह्यलो. कावडीचा टी-शर्ट बापाच्या अंगात, मंडळाचा काकाच्या अंगात, निवडणुकीत तं म्हाताऱ्याईच्याही गळ्यात पट्टा. सगळ्याईच्या अंगावर काही ना काही छापलेलं हाये, फक्त या लेकराईचं नाव कुठंच नाई. मी दुकानात पाह्यतो ना. पोट्टं टी-शर्ट हातात घेते, तं समोरचं चित्र नाई पाह्यत. उलटा करते. पाठीवर बोट फिरवत फिरवत जाते. सापडलं की तिथंच थांबते."

हे सांगताना त्यांनी खरंच मांडीवरच्या टी-शर्टच्या पाठीवरून बोट फिरवलं.

ताई म्हणाली, "आणि न सापडलेलं?"

"सगळ्याईचे छापा मंग. मी काय नाई म्हणतो?"

"किंमत सांगा."

"तुमच्यासाठी दोनशेत देईन."

"दोनशे." ताईने पेन खाली ठेवलं. "भाऊजी, दारिद्र्यरेषेखालच्या आदिवासी, अनुसूचित जातीच्या, भटक्या-विमुक्तांच्या मुलींना शाळेत आलं की उपस्थिती भत्ता मिळतो. १९९२ पासूनची योजना आहे, चौथीपर्यंत. किती माहितीये? दिवसाला एक रुपया. आणि शिक्षणहक्काच्या कायद्यात पाचवीपर्यंतच्या शाळेचे कामाचे दिवस वर्षाला किमान दोनशे. माझी एखादी मुलगी पूर्ण दोनशे दिवस, एकही खाडा न करता शाळेत आली, तर वर्षाचे दोनशे. तेवढा तुमचा एक टी-शर्ट."

भाऊ थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्याईले परवडते त्याईनं घ्याव. जबरदस्ती नाई. ऐच्छिक ठेवा."

हा शब्द ताईच्या वर्मी लागला. "ऐच्छिक म्हणजे काय ते मला विचारा. ऐच्छिक सहलीच्या दिवशी कोणाचं पोट दुखतं, ते मला सव्वीस वर्षांपासून माहीत आहे. लेकरू असं म्हणत नाही, की बापाकडे पैसे नाहीत. लेकरू म्हणतं, मला आवडतच नाही. दहा वर्षांचं पोर आईबापाची लाज झाकायला खोटं बोलतं. एकदा एक मुलगी निरोपाच्या दिवशी आलीच नाही. आम्ही ठरवलं होतं मुलींनी साडी नेसून यायचं, बस, आईची नेसा, खर्च काहीच नाही. तिच्या आईकडे नेसती आणि वाळत घातलेली, अशा दोनच होत्या. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ठरवणारी मीच होते."

ताई हे पहिल्यांदाच बोलत होती. मला तो ठराव तेव्हा वेगळा दिसायला लागला. मुलांवर राग म्हणून तो लिहिलेलाच नव्हता.

पण भाऊही मागे हटले नाहीत. त्यांचं पुढचं म्हणणं मला अजून आठवतं. ते म्हणाले, गणवेशात या म्हणता, पण यंदाच्या गणवेशाचं काय झालं ते तुम्हीच सांगा.

ते राज्याला माहीत आहे. पूर्वी समग्र शिक्षातून एका गणवेशाचे तीनशे, दोन गणवेशांचे सहाशे रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे आणि गावातलाच शिंपी मापं घ्यायचा. आधी मुली आणि अनुसूचित जाती-जमातीची व दारिद्र्यरेषेखालची मुलं यांनाच ते मिळत. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला नवा शर्ट आणि दुसऱ्याला नाही, हा प्रकार २०२३-२४ पासून बंद झाला, सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत सगळ्यांनाच गणवेश मिळू लागला. हा फार चांगला निर्णय होता. पण पुढच्याच वर्षी, २०२४-२५ मध्ये, 'एक राज्य एक गणवेश' आलं. कापड एका जागी घ्यायचं, एका जागी कापायचं, बचत गटांतल्या बायकांकडून शिवून घ्यायचं. आकाशी सदरा, गडद निळी विजार. दुसरा गणवेश स्काउट-गाइडचा. त्याचं कापड शाळांकडे आणि शिलाईला शंभर-एकशेदहा रुपये. एवढ्यात कोणता शिंपी शर्ट-पँट शिवेल? गणवेश उशिरा आले, मापं चुकली, कितीतरी ठिकाणी स्वातंत्र्यदिन जुन्याच कपड्यांत झाला. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून काम परत समित्यांकडे दिलं.

"म्हंजे या पोराईच्या चौथीचं वर्ष असं गेलं," भाऊ म्हणाले. "कपडा कोन्या गावचा, कापला कोनं, माप कोनाचं! त्याईच्या अंगावर जे आलं ते ढगळं नाई तं आखूड. आन् तुमी म्हणता निरोपालेही तेच घाला. एक तरी कपडा असा द्या ना, जो त्याच्यासाठीच केला हाये. त्याचं माप, त्याचं नाव."

"त्यांचं पहिलीचं वर्षही गेलंय," ताई हळूच म्हणाली.

तेव्हा मी हिशोब केला. एप्रिल २०२५ ला चौथी संपवणारी मुलं जून २०२१ मध्ये पहिलीत दाखल झाली. करोनामुळे शाळा बंद होत्या. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. या मुलांना शाळेचा पहिला दिवस असा मिळालाच नाही. नावं पटावर, मुलं घरी, आणि वस्तीवर फोनला रेंज नाही. ताई तेव्हा आठवड्यातून तीनदा कागद घेऊन दारोदार जायची. प्रवेशोत्सवाची फुलं नाहीत, बैलगाडीतून मिरवणूक नाही. ज्यांचं स्वागतच झालं नाही त्यांना निरोप मात्र साग्रसंगीत द्यायचा, की निदान निरोप तरी नीट द्यायचा? मला दुसरं पटलं आणि मी तसं म्हणालो.

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग उठून आत गेली आणि एका फायलीत जपलेला फोटो घेऊन आली. १९८८ चा, सातवीचा. पुढच्या रांगेत खाली मांडी घातलेल्या मुलाच्या हातात पाटी, पाटीवर खडूने शाळेचं नाव आणि वर्ष. मधल्या बाकावर गुरुजी, मागे मुली. एका टोकाला ताई, दोन वेण्या, मान किंचित वाकडी.

"हा माझ्याकडे कधी आला सांग?"

"तेव्हाच असेल."

"सहा वर्षांपूर्वी. फोटोग्राफर नांदुऱ्याहून आला होता. फोटोत सगळ्यांना उभं केलं, गुरुजी चांगले होते, कोणाला बाजूला काढलं नाही. पण प्रत घ्यायची तर पैसे. बाबांना मी विचारलंच नाही. एकतीस वर्षांनी एका मैत्रिणीच्या घरी भिंतीवर दिसला, मी मोबाइलवर काढून घेतला आणि तुमच्या भाऊंच्याच दुकानात छापला. म्हणजे आठवण होती. माझी होती, पण दुसऱ्याच्या भिंतीवर."

मी हा फोटो कितीदा पाहिला होता. त्याच्यामागे हे असेल असं कधी वाटलं नव्हतं. पूर्वीच्या पिढीला सातवी म्हणजे मोठा टप्पा होता, सातवी फायनल झालेला माणूस शिक्षक व्हायचा, आणि त्या टप्प्याची खूण म्हणजे हा एकच सामुदायिक फोटो. आता खूण अंगावर आली आहे. शहरांत बालवाडीची मुलं काळा गाऊन आणि चौकोनी टोपी घालून 'पदवी' घेतात. भाऊ तेही भाड्याने देतात. २०१० मध्ये भोपाळच्या वनव्यवस्थापन संस्थेच्या दीक्षान्त समारंभात जयराम रमेश यांनी तो झगा अंगावरून काढून टाकला होता, वसाहतीचा अवशेष म्हणून. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दीक्षान्ताला हातमागाचा पोशाख वापरा असं विद्यापीठांना कळवलं. विद्यापीठांतल्या ज्या झग्यावर असे आक्षेप घेतले गेले, तो आपण चार वर्षांच्या बाळाला एप्रिलच्या उन्हात घालतो आहोत.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट हुडीची आहे. तिथे अकराव्या वर्षी प्राथमिक शाळा संपते. निघणाऱ्या वर्गासाठी टोपीचा जाड स्वेटशर्ट करतात, पाठीवर वर्षाचे मोठे आकडे असतात आणि ते आकडे वर्गातल्या मुलांच्या नावांनीच भरलेले असतात. माझ्या एका मित्राच्या मुलीने तो दोन वर्षं अंगावरून काढला नाही. मी हे कौतुकाने सांगितलं. पण तिथेही खर्चाचा प्रश्न सुटलेला नाही. गणवेशाच्या खर्चाचा पालकांवर भार पडू नये म्हणून २०२१ मध्ये त्यांना वेगळा कायदा करावा लागला.

"तिकडं थंडी हाये म्हणून हुडी," भाऊ म्हणाले. "आपल्याकडं बेचाळीस-त्रेचाळीस."

"आणि तुमचा हा पॉलिएस्टर," ताई म्हणाली. तिने टी-शर्ट चिमटीत धरला. "कापसाच्या मुलखातल्या पोराला सुरतेचा पॉलिएस्टर! सकाळची शाळा साडेदहा-अकराला सुटते, तोवर पाठ भिजलेली असते."

"सब्लिमेशनची शाई सुतावर धरत नाई, वहिनी. पॉलिएस्टरच लागते. सुती पाह्यजे तं डीटीएफ करावं लागते, फिल्मवर छापून हीट प्रेसनं चिकटवायचं. पन्नास-साठ रुपये वाढतात."

इथवर वाद पैशाचा आणि कापडाचा होता. ताईचा खरा विरोध तिथे नव्हताच, हे मला त्यानंतर कळलं. भाऊंनी नमुना म्हणून मोबाइलवर एक मजकूर दाखवला : निरोप समारंभ, इयत्ता चौथी. ताई एकदम म्हणाली, "हा शब्द मला माझ्या शाळेत नकोय."

"कोणता?"

"निरोप."

मग ती बोलत सुटली. "तुमच्या शहरातल्या पोरांसाठी चौथी हा खेळ आहे, भाऊजी. त्याच शाळेच्या वरच्या मजल्यावर पाचवी आहे. माझी शाळा चौथीला संपते. कायद्यात प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी, आणि मोफत-सक्तीचं शिक्षण चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत. कायद्यातलं पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आठवीनंतर आहे, चौथीनंतर नाही. शिष्यवृत्तीची परीक्षासुद्धा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीवर गेली. आणि नियमाप्रमाणे पाचवी घरापासून एक किलोमीटरात पाहिजे, सहावी ते आठवी तीन किलोमीटरात. माझ्या वस्तीपासून पाचवीची शाळा सहा किलोमीटर आणि मध्ये नाला. आश्रमशाळा आहे, पण पोरगी दूर ठेवायला आया तयार नसतात. एप्रिलमध्ये मी काय करते माहितीये? घरोघर जाऊन सांगते, शाळा संपली नाही, फक्त इमारत बदलतेय. आणि तुम्ही पोरीच्या अंगावर छापून देणार, निरोप. हार घालणार, फोटो काढणार, पेढा देणार. बाप काय समजेल? झालं. शिकली पोरगी. उद्यापासून बकऱ्या."

मी पुण्यात बसून शिक्षणावर लिहितो. गळतीच्या तक्त्यांवर मी पानं लिहिली आहेत. पण समारंभच एखाद्या मुलीची शाळा संपवू शकतो, हे मला सुचलं नव्हतं. आपल्याकडे शेवट साजरा करण्याची हौस मोठी आहे आणि या वयाच्या मुलांच्या बाबतीत तो शेवट खोटा आहे. दहा वर्षांच्या मुलाला निरोप देण्याचा अधिकार शाळेला आहे का, हा प्रश्न पोशाखाच्या प्रश्नाआधीचा आहे.

भाऊ बराच वेळ मोबाइलवर काहीतरी करत होते. मला वाटलं ते वैतागले. त्यांनी स्क्रीन ताईपुढे धरली. जुना मजकूर पुसून त्यांनी दोनच शब्द लिहिले होते : चाललो पाचवीत.

ताईने वाचलं. "मुलींचं?"

"चालली पाचवीत."

"हं," ताई म्हणाली. एवढंच. पण वही तिने परत मांडीवर ओढली आणि ठरावातल्या 'निरोपानिमित्त' या शब्दावर रेघ मारली.

मग भाऊंनी जे सांगितलं ते सांगायला ते मुळात वर आले होते की नाही, मला माहीत नाही. पिशवीतले टी-शर्ट ते घडी घालून घालून ठेवत होते. म्हणाले, "वहिनी, या ऑर्डरीत एक गोष्ट झाली. पहिली यादी आली अडतीस नावांची. मी डिझाइन केलं, एकोणीस-एकोणीसच्या दोन रांगा. दोन दिवसांनी फोन आला, पाच नावं काढा, त्याईचे पैसे नाई आले. मी काढली. मंग रांगा बरोबर बसेना, म्हणून अक्षर मोठं केलं. दिसायले सुंदर झालं. छापून देल्यावर मले वाटलं, हे पोट्टे त्याच वर्गात बसले ना? चार वर्ष? टी-शर्ट नाई घेतला म्हणून नाव काऊन काढलं? नाव छापाले काय लागते? एक पैसा नाई लागत, वहिनी. शाई तीच, कागद तोच."

"मग छापायची होती," मी म्हणालो.

"ऑर्डर त्याईची." भाऊंनी मान खाली घातली. "मी विचारलं नाई. विचाराले पाह्यजे होतं."

ताईने त्यांना काही बोल लावला नाही. नवरा-दीर-भाऊ कोणी चुकला तर ती तोंडावर सांगते. त्या वेळी मात्र तिने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

माझं मत तिथे पक्कं झालं. कपडा घ्या किंवा घेऊ नका. सुती घ्या, पॉलिएस्टर घ्या, नाही तर गणवेशावरच खिशाला कापडाची एक पट्टी शिवा. पण नियम करायचा तर तो आधी नावांचा करा. वर्गाची खूण म्हणून जे काही होईल त्यावर वर्गातलं प्रत्येक नाव असलं पाहिजे, आणि ते नाव पैशावर अवलंबून नसलं पाहिजे. ठरावाचं दुसरं कलम, पालकांकडून पैसे न जमवण्याचं, तसंच राहू दे. पहिलं बदल. मी तसं सांगितलं.

"पैसे कुठून?" ताईने विचारलं. "शाळेला अनुदान येतं ते खडू, दुरुस्ती, वीजबिलात जातं, ते मी कपड्यावर घालणार नाही."

"मी देतो," भाऊ म्हणाले. "बाहीवर दुकानाचं नाव लहानसं टाकू."

"नाही."

"बरं, नाव नाई टाकत."

"देताना फोटो?"

भाऊ थांबले. त्यांच्या दुकानाच्या पानावर असे फोटो असतात. "नाई काढत," ते शेवटी म्हणाले.

ताईचं समाधान अजून झालेलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर होतं. यंदा भाऊजी देतील, पुढच्या वर्षी? एकदा दिलं की पायंडा पडतो आणि पायंडा मोडला की पुढचा वर्ग हिरमुसतो. लोकसहभागातून दरवर्षी तेवढी रक्कम उभी राहील याची खात्री समितीने दिली तरच करायचं, नाही तर कोणालाच नाही, असं कलम ती घालणार होती. समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असतात. ठरवू दे त्यांना, ती म्हणाली. मला हे योग्य वाटलं, जरी भाऊंना तो उत्साहावर पाणी घालण्याचा प्रकार वाटला.

"नावं सांगा," भाऊ म्हणाले. "डिझाइन तं करून ठेवतो. किती, बारा ना?"

ताईने मोबाइल उघडला. हजेरीची यादी दाखवेल असं वाटलं होतं. तिने दाखल-खारीज रजिस्टरच्या पानाचा फोटो काढलेला होता, २०२१ च्या जूनचं पान, तिच्याच अक्षरातलं. भाऊंनी चष्मा लावून मोजलं. "हे तं एकोणीस हायेत."

"एकोणीसच दाखल झाले होते."

"आन् बाकीचे सात?"

"दोघं आश्रमशाळेत गेले. तिघं आईबापांबरोबर कामाला बाहेर गेले ते परत आले नाहीत. एक मामाकडे, मध्य प्रदेशात. एकाचा पत्ताच नाही."

"त्याईचंही छापायचं?"

"तुम्हीच म्हणालात ना, नाव छापायला काही लागत नाही."

भाऊंनी वहीचं कोरं पान घेतलं. ताई सांगत गेली, ते लिहीत गेले. तिसऱ्या-चौथ्या नावाला ती अडली. म्हणाली, हे रजिस्टरमधलं नाव आहे, पण त्याला घरी या नावाने कोणी हाक मारत नाही. घरची माणसं निहाली बोलतात. जळगाव जामोदच्या डोंगरकडेच्या गावांत आणि पलीकडे मध्य प्रदेशात बोलली जाणारी ही भाषा, बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. मराठीशी, कोरकूशी तिचा शब्दांचा व्यवहार आहे, पण जगातल्या कोणत्याच भाषाकुळाशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. कायपर या डच अभ्यासकाने १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना शैलेंद्र मोहन यांनी तिची नोंद करण्याचं काम केलं. आणि आमच्या तालुक्यात ती बोलणारं पोर शाळेच्या दारात येतं, तेव्हा आईने उच्चारलेलं नाव शिक्षकाच्या कानाला जसं लागेल तसं मराठीत लिहिलं जातं.

"मीच लिहिलंय," ताई म्हणाली. "जूनमध्ये, तोंडाला मास्क लावून, अंगणातून विचारलं होतं. आई काय म्हणाली ते मला नीट ऐकूच आलं नाही. दुसरीत त्यानेच मला सांगितलं, बाई, माझं नाव हे नाही. तोवर दाखल्यावर चढलं होतं."

"मंग कोणतं छापू?"

"तो सांगतो ते. उद्या विचारून कळवते. जागा सोडा."

भाऊंनी जागा सोडली. बाहेर अजून उकाडा होता, रस्त्यावरून भेंडवळकडे जाणाऱ्या मोटारसायकली जात होत्या. नावांची रांग खाली खाली गेली. बारा मुलांपुढे ताईने मापं सांगितली, न बघता, अठ्ठावीस, सव्वीस, सव्वीस, तीस, ही बारीक आहे, हिला चोवीस चालेल. उरलेल्या सातांची नावं पाठीवर येणार एवढंच ठरलं होतं. पण भाऊंचं पेन त्यांच्याही पुढे थांबलं.

"याईलेही एक-एक करून ठेवू. आले कधी तं. साइज सांगा."

ताईने कामाला बाहेर गेलेल्या तिघांतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"गेला तेव्हा दुसरीत होता," ती म्हणाली. "तेव्हा बावीस लागायची."

भाऊ पेन धरून बसले होते.

"आता किती लागत असेल?"